सिव्हिलमधली १९ नंबरची खोली : मुलीला घेऊन गेलो, त्याचा अनुभव

जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, मुलीचंही नाही. मी एसटीत कंडक्टर आहे, १८ वर्षं झाली. तालुक्याच्या स्टँडवर मला पानवाल्यापासून सगळे ओळखतात, म्हणून एवढं झाकून ठेवणं भाग आहे. बाकी जे लिहिलंय ते तिनं वाचलंय. दोन ओळी काढा म्हणाली, त्या काढल्या.

सिव्हिल म्हणजे आमच्या जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय. तिथं मनोविकार विभाग आहे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ओपीडी असते, डॉक्टर असतात, समुपदेशक मॅडम असतात, हे मला ऑक्टोबरपर्यंत माहीत नव्हतं. त्याच दवाखान्यासमोरच्या थांब्यावर मी दिवसाला चारदा घंटी मारून गाडी सोडतो. बहुतेक जिल्ह्यांच्या सिव्हिलमध्ये ही सोय असते. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो.

पहिला दिवस गुरुवार होता. केसपेपरच्या खिडकीवर बायकांची वेगळी रांग, त्यात मुलगी आणि तिची आई, मी बाजूला उभा. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठं दाखवायचंय? तिच्या आईनं हळू आवाजात सांगितलं. त्यानं अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं "मनोविकार, १९ नंबर" म्हणत शिक्का मारला. मुलीनं ओढणी कपाळापर्यंत पुढं ओढली. ही पहिली तक्रार. पोटदुखीवाल्याचा विभागही तो तेवढ्याच मोठ्यानं सांगतो, मला कळतं. पण १७ वर्षांच्या पोरीला त्या खिडकीपर्यंत आणायला आम्हाला आठ दिवस समजूत घालावी लागली होती.

पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार मोफत झालेत, केसपेपरचेही घेत नाहीत. येण्याजाण्याचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण "परवडायचं नाही" म्हणून घरी बसलेले लोक मी रोज बघतो.

१९ नंबर डोळ्यांच्या ओपीडीच्या पुढं, बोळाच्या टोकाला. बाहेर दोन बाकडी. एका बाकड्यावर दारू सोडवायला आणलेला नवरा आणि त्याची बायको, शेजारी एकटक जमिनीकडे बघणारा तरुण आणि त्याची म्हातारी आई. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा, मी यांच्यासारखी आहे का?" मला उत्तर आलं नाही. मी तिचा हात हातात घेतला. तिनं सोडवून घेतला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

त्या तीन महिन्यांचं सांगतो.

दहावीला ८८ टक्के पडले. मराठी माध्यमाची पोर, तालुक्याच्या खो-खो संघात होती. जूनमध्ये अकरावी सायन्सला घातली, शिकवणं सगळं इंग्रजीतून. जुलैच्या मध्यापासून घरात खटके उडायला लागले. सकाळी ११ पर्यंत अंथरुणात, रात्री दोन-तीनपर्यंत जागी. हाक मारली तर खेकसायची. जेवणाचं ताट अर्धं तसंच. आठवड्यातून तीनदा डोकं दुखतंय म्हणून कॉलेज बुडवायची. खो-खोच्या बाई घरी येऊन गेल्या, ही आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. मला वाटलं पोर वाया चालली. मोबाईल काढून घेतला, चार दिवस कुलपात ठेवला. एकदा ओरडलो, "तुला काय कमी केलंय आम्ही?" आजीनं दृष्ट काढली, देवाला नेऊन आणलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शनं दिली. सगळ्यांनी जीव लावूनच केलं. पण डिप्रेशन म्हणजे माणूस अंधारात बसून रडतो, एवढीच माझी समजूत होती. ही रडत नव्हती, भांडत होती. म्हणून तो शब्द माझ्या डोक्यात आलाच नाही.

नंतर एकदा तिची फिजिक्सची वही हाताला लागली. जूनची पानं गच्च भरलेली. समासात बारीक अक्षरात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पुढं अर्थ : अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, व्हेलॉसिटी म्हणजे वेग. जुलैत समास मोकळा. ऑगस्टच्या पानांवर नुसती तारीख आणि धड्याचं नाव. पुढं तारीखही नाही. सगळं त्या वहीत लिहिलेलं होतं, आणि ती वही तीन महिने माझ्या घरातल्या फळीवर होती.

सप्टेंबरात शहरातल्या एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. नाव घेत नाही. फी ८०० रुपये. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी तीन गोळ्या लिहिल्या, पुढचा पेशंट आत आला. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत ती एवढंच म्हणाली, "मला त्यांनी काही विचारलंच नाही." गोळ्या तिनं घेतल्या नाहीत. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. आज वाटतं, बरोबर होतं तिचं.

ऑक्टोबरात एका रात्री मी वस्तीची गाडी घेऊन बाहेरगावी होतो. साडेदहाला तिच्या आईचा फोन. भाजी वाढताना मुलगी तिला म्हणाली होती, मी नसते तर तुमचा खर्च तरी वाचला असता. गाडी मुक्कामाला लागते तिथं समोर प्राथमिक आरोग्य केंद्राची भिंत आहे, त्यावर १४४१६ हा नंबर रंगवलेला. महिनोन्महिने त्याच्यासमोर बसून डबा खाल्ला होता, वाचला कधी नव्हता. गाडीच्या पायरीवर बसून तो लावला.

ही टेलिमानस. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा, २४ तास, फुकट. आधी भाषा निवडायची, मी मराठी निवडली. एका बाईंनी उचलला. पहिला प्रश्न, "आत्ता मुलीजवळ कोण आहे?" मी म्हटलं, तिची आई. मग म्हणाल्या, आज रात्री तिला एकटं झोपू देऊ नका, घरात धोक्याचं जे काही असेल ते कुलपात घाला, आणि तिला रागावू नका. पंचवीस मिनिटं बोलल्या. मध्येच माझा आवाज बसला तेव्हा थांबल्या, घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, तुमच्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे, तिला घेऊन तिथं जा. गाडीवाल्या मास्तरला रात्री अकराला असं कुणी ऐकून घेईल ही अपेक्षा मी केलीच नव्हती. पूर्ण गुण.

आता १९ नंबरच्या आतलं.

खोली लहान. एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीला जाळी, भिंतीवर सरकारी तक्ते. समुपदेशक मॅडम तिशीच्या असतील. आम्ही तिघं आत गेलो, मी नेहमीप्रमाणे बोलायला सुरुवात केली. मॅडमनी माझं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही आणि ताई जरा बाहेर बसा. मी आधी हिच्याशी बोलते." मला ते खटकलं. बाहेर येऊन घड्याळ बघत बसलो. ४० मिनिटं. आतून काही ऐकू येत नव्हतं. आणि मग रडण्याचा आवाज आला. तिची आई उठली, मी तिला खाली बसवलं.

आत काय झालं ते मुलीनं नंतर सांगितलं, तेवढंच लिहितो. मॅडमनी सुरुवातीला खो-खोबद्दल विचारलं, कुठल्या जागेवर खेळायचीस, पळतीवर किती वेळ टिकायचीस. मग एक कागद काढला. त्यावर नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत उदास, चिडचिडं किंवा हताश वाटलं का. पूर्वी आवडायच्या गोष्टींत रस राहिला नाही असं झालं का. झोप, भूक, थकवा. आपण वाया गेलो, घरच्यांची मान खाली घातली असं वाटतं का. लक्ष लागतं का. शेवटचा मरणाच्या विचारांचा. प्रत्येकाला चार उत्तरं : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्याचे शून्य ते तीन गुण, सगळे मिळून २७. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. तिचे १७ झाले.

नववा प्रश्न मॅडमनी कागदावर न बघता, तिच्याकडे बघून विचारला. ती हो म्हणाली. पुढचंही मॅडमनी सरळ विचारलं, काही ठरवलंय का, आत्ता तसं वाटतंय का. ती नाही म्हणाली. मग रडली. मुलगी म्हणते, "पप्पा, इतके दिवस ते माझ्या एकटीच्या डोक्यात होतं. त्यांनी विचारलं आणि त्यांना काहीच धक्का बसला नाही."

मला ही भीती होती की असं तोंडानं विचारलं तर नसलेला विचार पोरांच्या मनात घातला जाईल. मॅडमनी सांगितलं तसं होत नाही. विचारल्यानं मुलांचं ओझं हलकं होतं. ८०० रुपयांच्या दवाखान्यात जे झालं नाही ते इथं फुकटात झालं, आणि ते एवढंच होतं की माझ्या मुलीचं तिला विचारलं.

मग आम्हाला आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, ही आळशी नाही, उद्धटही झालेली नाही, ती आजारी आहे. या वयात उदासी बऱ्याचदा चिडचिडीतून बाहेर पडते. डोकं दुखणं, पोट दुखणं, रात्रीची झोप उलटी होणं, मैत्रिणी तोडणं, ही तिची रूपं. दोन दिवस मूड जाणं वेगळं. दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, आणि त्यात खाणं, झोप, अभ्यास सगळं कोलमडतं तेव्हा त्याला आजार म्हणायचं. मी विचारलं, "मॅडम, आमच्याच पोरीला का?" त्यांनी एक आकडा सांगितला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत ७.३ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. मी लगेच हिशेब केला, सवयच आहे. माझ्या ४४ सीटच्या गाडीत शाळेची पोरं भरली तर त्यातली तीन. सकाळच्या फेरीला मी ज्यांचे पास बघतो त्यांच्यातली तीन. तेव्हापासून पास बघताना मी चेहराही बघतो.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं : हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२. थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो म्हणे. थायरॉईड ठीक निघालं, हिमोग्लोबिन ९.८, त्याला लोहाच्या गोळ्या. डिप्रेशनसाठी फ्लुओक्सेटीन, आधी १० मिलीग्रॅम, आठवड्यानं २०. हे वाचून कुणी मेडिकलमधून आणून घेऊ नये, प्रत्येकाचं वेगळं असतं. डॉक्टरांनी गोळी कशी चालते ते नीट समजावलं. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त. सुरुवातीला मळमळेल. पंचवीस वर्षांखालच्या मुलांत पहिल्या काही आठवड्यांत कधीकधी बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून लक्ष ठेवायचं, आणि तसं दिसलं तर तारखेची वाट न बघता यायचं. गोळ्यांची पाकिटं आईनं स्वतःकडे ठेवायची. दारूसारखी सवय लागत नाही, पण आपल्या मनानं बंदही करायच्या नाहीत. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने. तिला मळमळलं, पाच-सहा दिवस. आधी सांगितलेलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही.

गोळीइतकंच महत्त्वाचं मला मॅडमनी दिलेलं काम वाटतं. त्या म्हणाल्या, बरं वाटलं की बाहेर पडू असं म्हणत बसलं तर बरं वाटतच नाही. आधी थोडं बाहेर पडायचं, वाटणं मागून येतं. म्हणून रोजचं एक छोटं काम ठरवायचं. अभ्यास नको, आत्ता तो डोंगर आहे. तिला विचारलं तूच सांग. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पप्पांचा डबा स्टँडवर नेऊन देते."

माझी दुपारची फेरी दोनला सुटते. घर ते स्टँड चालत दहा मिनिटं. पहिल्या दिवशी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडच्या फाटकापर्यंत आली, गर्दी बघून रसवंतीवाल्याकडे डबा ठेवून मागे फिरली. मी फाटकाकडे बघत उभा होतो, मला तिची फक्त पाठ दिसली. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, फाटकापर्यंत आली, हे केवढं आहे! बाराव्या की तेराव्या दिवशी ती फलाटावर आली. मी रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर जेवत होतो. ती पुढच्या सीटवर बसली, खिडकीला डोकं टेकून. मी काही विचारलं नाही, तसं मला सांगितलेलंच होतं. "काय झालं, का झालं" करायचं नाही, सोबत बसायचं. मी भाकरी संपवली, तिनं रिकामा डबा घेतला आणि म्हणाली, "उद्या मेथी आहे."

आम्हालाही काम होतं. "तुला काय कमी आहे" हे वाक्य घरात बंद. बाकीच्या पोरांशी तुलना बंद. मोबाईल कुलपात घालायचा नाही, रात्री साडेदहानंतर घरातल्या सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत, माझा धरून. आणि तिच्या आईचं एक काम मॅडमनी सांगितलेलं नव्हतं, ते तिचं तिनं केलं. मुलीचे केस कमरेपर्यंत. महिनाभर विंचरलेले नव्हते, मानेवर जटेसारखा गोळा झालेला. कापून टाका म्हणत होती. आई कोमट खोबरेल तेल घेऊन मागे बसली आणि एकेक बट बोटांनी सोडवत राहिली. दीड तास. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी फणी वरून खालपर्यंत एकदा अडकल्याशिवाय गेली, तेव्हा मुलगी म्हणाली, "परत एकदा फिरव."

पुढं दर पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. नोव्हेंबरअखेर नऊ प्रश्नांचे गुण १२, जानेवारीत ७. मधे एकदा पुन्हा बिघडलंही. कॉलेजच्या सहामाहीचा निकाल लागला तेव्हा चार दिवस पुन्हा अंथरूण. मी हबकलो, मला वाटलं सगळं वाया गेलं. मॅडम म्हणाल्या, घाटातला रस्ता असा असतो दादा, तुम्हाला मी काय सांगू.

तक्रारी राहिल्यात त्या सांगतो. १९ नंबरच्या दाराला आतून कडी नीट लागत नाही. मुलगी बोलत असताना दोनदा कुणीतरी दार ढकलून "ड्रेसिंग इकडंच का?" विचारून गेलं. ज्या खोलीत माणूस आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडतो तिथं एक कडी, आणि बाहेर "आत पेशंट आहे" अशी पाटी एवढं तरी हवं. मी लेखी अर्ज दिलाय. दुसरं, डिसेंबरात एकदा औषध खिडकीवर गोळी संपलेली होती, बाहेरून आणावी लागली. मी आणली. पण सोबतच्या म्हातारीला बाहेरचा खर्च जमणारा नव्हता, ती तशीच परत जायला निघाली होती. ही गोळी मधे तुटता कामा नये असं डॉक्टर सांगतात आणि खिडकीवर ती नसते, हे बरोबर नाही. तिसरं, लहान मुलं, तरुण मुली, दारूचे पेशंट सगळे एकाच बाकड्यावर. मुलांसाठी वेगळी वेळ ठेवली तर कितीतरी आईबाप येतील. गर्दीही आहे, सकाळी ९ ला गेलो तरी दीड वाजतो. सुट्टी काढूनच जावं.

पाचपैकी चार चांदण्या देतो. चारही मॅडमच्या त्या एका वाक्याला, "मी आधी हिच्याशी बोलते."

जाताना जुने रिपोर्ट, सध्या चालू असलेली सगळी औषधं, आधार कार्ड न्या. पोर १८ च्या आतली असेल तर आई किंवा वडील सोबत लागतात. ती यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकटे जाऊन भेटा, मॅडम भेटतात. आणि रात्रीबेरात्री जीव घाबरा झाला तर सकाळची वाट बघू नका, १४४१६ लावा. ती आत्ताच काही करून घेईल अशी भीती वाटली तर तिला एकटं सोडू नका आणि थेट अपघात विभागात घेऊन जा, तो रात्रभर उघडा असतो.

मुलगी सायन्समध्येच राहणार की नाही ते अजून ठरलेलं नाही, आम्ही विचारत नाही. मैदानावर जाते, खेळत नाही, लहान मुलींना पळती शिकवते. पुढची तारीख या गुरुवारी आहे. "पप्पा, तुम्ही सुट्टी घालवू नका, मी आणि आई जाऊन येतो," असं म्हणाली. मी कंट्रोलर साहेबांकडून ड्युटी बदलून घेतलीय. सकाळची सिव्हिलची फेरी आता माझी आहे, दोघींचं तिकीट मीच फाडणार आहे.